तीन गोळ्या जास्त

माझी पावर वाढत होती आणि माझ्या बायकोची वाढत नव्हती. सगळं इथूनच सुरू झालं. एचआयव्हीच्या सेंटरमध्ये या पावरला सीडी फोर म्हणतात, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा. आम्ही पेशंट मंडळी मात्र पावरच म्हणतो. तिथल्या बाकावर शेजारी बसलेला अनोळखी माणूस नाव-गाव विचारत नाही, सरळ म्हणतो, "तुमची पावर किती?"

आजार घरात मी आणला. हे लिहायला जड जातं, पण ते झाकून पुढचं काही सांगता येणार नाही. लग्नाआधी सहा वर्षं मी वापीकडे एका कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर होतो. तेव्हा हातात पगार होता आणि विचारणारं कुणी नव्हतं. पुढे तळासरीला शिलाईचं छोटं दुकान टाकलं, कैनाड गावची बायको केली, एक मुलगी झाली. मुलगी आश्रमशाळेत शिकायला गेली त्या वर्षी बायकोचा ताप हटेना. तोंडात पांढरा थर धरला, नागलीची भाकरी गिळताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आधी तिची तपासणी झाली, मग माझी. मुलीच्या रक्तात काही निघालं नाही, त्या दिवशी आम्ही दोघं डहाणूच्या एसटी स्टँडवर बसून लोकांदेखत रडलो.

औषध दोघांनाही एकाच दिवशी सुरू झालं. तीच गोळी, तशीच बाटली, वेळ सकाळी सातची. धडधाकट माणसाची पावर पाचशेच्या वर असते; माझी तेव्हा तीनशेच्या थोडी वर होती आणि तिची अठ्ठावन्न. अठ्ठावन्न ऐकून मला शाळेतले मार्क आठवले. मनात म्हटलं, चला, पास तरी झाली. इतका मी अडाणी होतो.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं. माझा आकडा पाचशेच्या जवळ गेला होता, तिचा ब्याण्णववर अडकला होता. विषाणू किती उरलेत हे सांगणारा एक वेगळा रिपोर्ट असतो. तिचा तो आलाच नव्हता, नमुना वाटेत गोठला म्हणे, म्हणून रक्त पुन्हा घेतलं. सेंटरमधल्या समुपदेशक बाईंनी तिला विचारलं, "गोळी रोज घेता ना?"

"घेते."

"एकही चुकत नाही?"

"नाय."

बाईंनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला होता. पण मी बायकोकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. गोळी एकच, वेळ एकच, मग हिची पावर का वाढत नाही? हिला गोळीने मळमळायचं, चक्कर यायची, ते मी पाहिलं होतं. मी ठरवून टाकलं की ही गोळ्या फेकते.

राग माझ्या नाकावरच असतो. रेशनच्या दुकानात कुणी मध्ये घुसलं तर मी पिशवी झटकून तांदूळ न घेता घरी येणारा माणूस. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सातला तिच्यासमोर उभा राहू लागलो. तिने गोळी जिभेवर ठेवायची, तांब्यातलं पाणी प्यायचं, मग तोंड उघडून मला दाखवायचं. जीभ वर, जीभ खाली, गालाच्या आतली बाजू. पहिल्या दिवशी ती हसली. म्हणाली, "बैल घ्यायला आलाव काय? दात पण मोजा." मी हसलो नाही. चार-पाच दिवसांनी तीही हसायची थांबली.

मी दुकानात गेल्यावर ती बोट घालून ओकून टाकत असेल, असंही मला वाटायचं. मग मी दुपारी उगाच घरी यायचो, मोरी बघायचो. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात, तो माणूस मीच.

झाकून ठेवण्यासारखं माझ्याकडेही लवकरच जमा झालं. वाणगावला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. बायकोला खोकला होता, म्हणून मी एकटा गेलो आणि तीन दिवस राहिलो. बाटली नेली नाही. ती पिशवीत खुळखुळते आणि लग्नघरात एकेका खोलीत दहा-दहा माणसं. कुणी विचारलं तर काय सांगायचं? बायको बाहेर जाताना बाटलीत कापूस भरून न्यायची, आवाज येत नसे. मला तेवढी तसदीही घ्यावीशी वाटली नाही. माझी पावर चांगली आहे, तीन दिवसांनी काय बिघडतंय, असा माझा हिशेब. बाटली घरच्या शिलाई मशीनच्या खणात रिळांमागे पडून राहिली. परत आलो आणि कुणाला काही न सांगता चौथ्या दिवसापासून गोळी पुन्हा सुरू केली.

महिनाअखेरीला दोघांच्या बाटल्या घेऊन सेंटरला जायचं होतं. उरलेल्या गोळ्या तिथे मोजतात, म्हणजे किती चुकल्या ते कळतं. वाटेत एसटीत माझ्या पाचावर धारण बसली होती. बाटल्या नेहमीप्रमाणे बायकोच्या पिशवीत होत्या. बाईंनी माझी बाटली ओतली, बोटाने गोळ्या मोजल्या आणि म्हणाल्या, "अगदी बरोबर." मला वाटलं, बाई मोजायला चुकल्या. देवाला मनातल्या मनात नमस्कार केला.

मग बायकोची बाटली ओतली. तिच्यात तीन गोळ्या जास्त निघाल्या.

"या कशा उरल्या?" बाईंनी विचारलं.

बायको खाली बघून म्हणाली, "चुकलं."

मी घरी नसताना हिने गोळ्या टाळल्या, असं मी धरलं. परतीच्या वाटेवर मी जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. एसटीत दबक्या आवाजात बोललो, तळासरीला उतरल्यावर मोठ्याने बोललो. शेवटी म्हणालो, "तुला मरायचं तर मर. पण पोरीला पोरकी करतेस ती तू, हे ध्यानात ठेव." आजार आणणारा मी, तीन दिवस गोळी न घेणाराही मी, आणि चोराच्या उलट्या बोंबा त्या अशा भर रस्त्यात. ती पिशवी छातीशी धरून चालत राहिली. घरी येऊन तिने भात टाकला, मला वाढलं आणि स्वतः न जेवता आडवी झाली.

शिंप्याच्या डोळ्याला तीन बोटांचा फरक लांबून कळतो. माझ्या बाटलीत उरायला हव्या होत्या त्यापेक्षा तीन कमी आणि तिच्यात तीन जास्त, हे मला कळलं नाही. रागात माणसाला फक्त समोरच्याचंच दिसतं.

दीड महिन्याने तिचा तो राहिलेला रिपोर्ट आला. बाईंनी आम्हाला दोघांना आत बोलावलं. मला वाटलं, आता उघडं पडणार. बाई म्हणाल्या, "यांच्या रक्तात विषाणू सापडतच नाही. गोळ्या अगदी नेमाने घेतल्यात यांनी."

"मग पावर का वाढत नाही?" मी विचारलं.

बाईंनी कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, काही जणांचं असं होतं. औषध त्याचं काम करतं, विषाणू दबून राहतो, पण उपचार सुरू व्हायच्या आधीच शरीराची फार झीज झालेली असते. "डोंगरउतारावरची माती एकदा वाहून गेली की तण काढलं तरी नागली जोमाने येत नाही. हळूहळू येईल. कदाचित थोडीच येईल. यांचा काही दोष नाही त्यात."

"पण त्या तीन गोळ्या?"

बाई बायकोकडे बघायला लागल्या. बायको खिडकीकडे बघायला लागली. आणि तिथे, त्या खुर्चीवर, मला वाणगावचं लग्न आठवलं. माझ्या मशीनचा खण आठवला. माझ्या बाटलीत 'अगदी बरोबर' गोळ्या होत्या, आणि मी तर तीन दिवस एकही घेतली नव्हती.

बाईंपुढे मी ते कबूल केलं नाही. एवढा भेकड मी निघालो, हेही सांगून टाकतो. बाहेर आल्यावर एका रसाच्या गाडीशी थांबलो आणि तिला विचारलं, "माझ्या गोळ्या तुझ्या बाटलीत तू टाकल्यास?"

"मग काय करू? खणात बाटली बघितली, समजलं. बाई तुमाला चार माणसांत बोलल्या असत्या, तर तुमी गोळ्याच सोडल्या असत्या. मी काय वळखत नाय तुमाला?"

"आणि तुला बोलल्या ते?"

"माझी तशी पण वाढत नाय," ती म्हणाली. "तुमची वाढते. पोरीला एक जण तरी धड पायजे ना."

मी रस घेतला नाही. तिलाही विचारायचं राहिलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. माझी पावर कधीच सहाशेच्या पुढे गेली. तिची कधी एकशे तीस, कधी एकशे पंचेचाळीस, फिरून तिथेच. इतर आजार लागू नयेत म्हणून ती आणखी एक मोठी पांढरी गोळी घेते. ती खोकली की मी मशीन थांबवतो आणि पुन्हा खोकते का ते ऐकतो. तिची पोलकी मीच शिवतो, त्यामुळे टेप जे सांगते ते मला सेंटरच्या आधी कळतं. यंदा दोनदा बाजूची शिवण आत घेतली. तिला सांगितलं, कापड सैल पडलंय.

मी माफी मागितली, एकदा नाही, अनेकदा. ती "असू द्या" म्हणते आणि कामाला लागते. पण रोज सकाळी सातला गोळी घेऊन झाली की ती माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि तोंड उघडते. जीभ वर, जीभ खाली, गालाची आतली बाजू. सुरुवातीला मला वाटलं, मला शिक्षा करते आहे. मी हात जोडले. म्हटलं, "नको ना दाखवूस. मला कळलंय सगळं."

ती म्हणाली, "नीट बघून ठेवा. मी नसले तर पोर इचारेल, आयशीनं गोळ्या खाल्ल्या नाय काय? तवा तुमीच सांगायचं हाय."

म्हणून मी रोज बघतो.