टिकारामजींचे वाटे

सानगडीत कोणाच्याही घरी भाऊ वेगळे निघायचे ठरले की टिकारामजींना बोलावणे जाई. धानाच्या बांध्या, बैल, भांडी, कोठ्या, सगळ्याचे वाटे ते पाडत. आधी लहान्याने उचलायचे, उरले ते मोठ्याचे. भांडण नाही, कोर्ट नाही. म्हातारे आईबाप असले तर एक एकाकडे, दुसरा दुसऱ्याकडे. दोघांचा भार एकाच सुनेवर कशाला, असा त्यांचा हिशेब. गावाला तो पटत होता, कारण हो म्हणणारे तेव्हा सगळे तरणे होते.

मी हे सगळे त्यांच्याच तोंडून ऐकले. जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये त्यांचा धाकटा मुलगा भुपेंद्र माझा शेजारी. मी शाळेत इंग्रजी शिकवते, आणि शिकवण्याची खोड घरीही सुटत नाही. मागच्या वर्षी भुपेंद्र आणि प्रफुल्ल हे दोघे भाऊ वेगळे निघाले. वाटे अर्थातच टिकारामजींनीच पाडले, आणि आपल्याच नियमाने स्वतःलाही वाट्यात घातले. भुपेंद्रने बाप उचलला. त्यांच्या बायको सुंदरबाई सानगडीला प्रफुल्लकडे राहिल्या.

म्हातारा क्वार्टरमध्ये आला आणि अडकला. एक खोली, एक खिडकी, खिडकीतून दिसणारी दुसऱ्या क्वार्टरची खिडकी. सून वाईट नव्हती, वेळेवर जेवायला वाढायची. पण ज्याने सारा जन्म तळ्याच्या पाळीवर काढला त्याने दिवसभर करायचे काय? सकाळी फॅक्टरीची बस माणसे घेऊन जायची, संध्याकाळी आणून टाकायची. मधला सगळा वेळ ते माझ्या पायरीवर.

"बाई, मले इथं कोंडल्यावानी होते," ते म्हणत. "गावी बुढी एकटी. फोनवर बोलते त नुसती हो-हो करते."

"मग जा ना गावी!" मी चिडून म्हणे.

"कसा जाऊ? वाटा झाला ना."

एकदा त्यांची नात मोना गणित करत होती आणि मोठ्याने 'डिव्हाइड, डिव्हाइड' घोकत होती. त्यांनी मला अर्थ विचारला. मी म्हटले, भाग करणे, वेगळे करणे. मैदानातले पाणी दोन अंगांना वळवणाऱ्या उंचवट्यालाही तेच म्हणतात, आणि दोन माणसांत पडलेल्या अंतरालाही.

"म्हंजे माह्यंच काम," ते खुशीने म्हणाले. "आलं कुठून हे?"

झाले, मला तेवढेच हवे होते. लॅटिनमधून आला, मी म्हणाले. आणि त्याच्याही मागे एक फार जुने मूळ आहे, वेगळे पडण्याचे. इंग्रजीतला 'विडो' आणि आपला 'विधवा' हे शब्दही त्याच मुळाचे, असे भाषा अभ्यासणारे मानतात.

ते हसायचे थांबले. बराच वेळ पायरीवरची माती नखाने खरवडत राहिले.

"मी जिता हाव ना, बाई," ते म्हणाले. "मंग बुढीले काहून असं करून ठेवलं मी?"

मला माझ्या विद्वत्तेचा असा राग आला की काय सांगू! पण त्या दिवसापासून त्यांनी भुपेंद्रच्या मागे धोशा लावला. मला सानगडीला जाऊ दे. भुपेंद्र आधी चिडला, मग रोज फोनवर प्रफुल्लशी बोलू लागला. शेवटी एका शनिवारी म्हणाला, "जा बाबा. दादा हो म्हनते." म्हाताऱ्याने धुतलेले धोतर पुन्हा धुतले.

रविवारी भुपेंद्रची ड्यूटी होती. मी म्हटले, साकोलीपर्यंत मी सोडते, पुढे सानगडीच्या बसमध्ये बसवून परत येते. वाटेत ते इतके बोलले की कंडक्टरही हसत होता. धान आता पोटरीवर आले असेल, बुढी आंबिलीची वाट पाहायला लावणार नाही, आणि असे पुष्कळ.

साकोलीच्या स्टँडवर उतरलो तर बाकावर सुंदरबाई. शेजारी प्रफुल्ल. टिकारामजी जवळजवळ धावलेच.

"घ्यायले आली का मले? एवढ्या दूर कायले आली?"

सुंदरबाईंनी वर पाहिले नाही. तेव्हा माझे लक्ष त्यांच्या पायाशी ठेवलेल्या गाठोड्याकडे गेले.

"तुमच्या बदली मी जाऊन राहिली भुपेंद्रकडं," त्या म्हणाल्या.

मी प्रफुल्लवर अशी तडकले की स्टँडवरचे लोक पाहू लागले. तो मुळीच ओरडला नाही. "बाई, दोघंही माह्याकडं, मंग भुपेंद्रकडं काय? लोक त्यालेच बोल लावतीन. बाबांनीच गावात आनंदरावच्या घरी असंच केलं होतं. वाटा बदलला त दोन्हीकून बदलते. विचारा त्यायले."

मी टिकारामजींकडे पाहिले. एक शब्द त्यांनी बोलायला हवा होता. ओठ हलले, पण आयुष्यभर साऱ्या गावाला सांगितलेला नियम तोंडात अडकून बसला होता. सानगडीची बस लागली. प्रफुल्लने त्यांची पिशवी उचलली आणि मला म्हणाला, "तुम्ही वापस चाललाच आहा, त आईले घेऊन जाल?"

मी नाही कशी म्हणणार!

टिकारामजी खिडकीशी बसले. सुंदरबाईंनी पदरातली पुडी खिडकीतून त्यांच्या हाती दिली. पोह्यांचा चिवडा होता. त्यांनी ती उघडली, अर्धा चिवडा सुंदरबाईंच्या पदरात परत ओतला, आणि बस निघाली.

भंडाऱ्याच्या बसमध्ये सुंदरबाई माझ्या शेजारी बसल्या. लाखनीला बस थांबली. मग पदराची गाठ घट्ट करत त्यांनी विचारले, "बाई, ते ज्या खाटेवर झोपत होते, तेच खाट मले भेटन ना?"