टाकीत सुकलेली मावशी

आमच्या इमारतीत कुणालाही विचारा, माझी मावशी कारखान्यातल्या टाकीत सुकली. म्हणजे आत गेली तेव्हा चांगली गुबगुबीत होती, कुणीतरी चुकून दार लावलं, यंत्र सुरू झालं, आणि बाहेर आली ती ही अशी, काडी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे याच्यापुढचीही माहिती असते. "अगं, म्हणून तर सारखी पाणी पिते ती! बादलीभर ओत तिच्यावर, बघ पुन्हा फुगते की नाही!" असं म्हणतात आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता जिन्याचा कठडा धरतात.

यातलं खरं एवढंच की मावशी टाकीत गेली होती. काडी ती जन्मापासूनच आहे. आई म्हणते, लहानपणी तिला पांघरूण घातलं की पांघरुणात कुणी आहे असं वाटायचंच नाही. आणि दार कुणीही लावलं नव्हतं. दार सताड उघडं होतं. तरी तिला बाहेर येता आलं नाही.

मावशीच्या कारखान्यात फौजेसाठी कोरडं जेवण तयार होतं. बर्फातल्या चौक्यांवर जातं ते. डोंगर चढायची हौस असलेले लोकही घेतात. भात, वाटाणे, बटाटा, कोंबडी, सगळं घरच्यासारखं शिजवायचं, ट्रेमध्ये पसरायचं, दगड होईपर्यंत गोठवायचं आणि टाकीत घालायचं. टाकी म्हणजे आडवी पाडलेली लोखंडी खोली. दार लावलं की पंप आतली हवा ओढून घेतो आणि अन्नातला बर्फ पाणी न होताच वाफ होऊन निघून जातो. मागे उरतं ते थर्माकोलसारखं हलकं जेवण. पुडीत गरम पाणी ओतलं की पुन्हा भात. तिथल्या बायका टाकीला सासू म्हणतात. "जाताना रसरशीत, येताना वाळलेली. दुसरं काय नाव ठेवणार?"

पण ती वाफ जाते कुठे? टाकीच्या मागच्या टोकाला गारेगार नळ्या आहेत, त्यांच्यावर ती पुन्हा बर्फ होऊन बसते. तो बर्फ खरवडायला प्रत्येक खेपेनंतर एक माणूस रांगत आत जातो. त्यानंतर रुळांवरून ट्रेच्या मांडण्या आत ढकलल्या की नळ्यांपाशी कोण आहे, कोण नाही, काही दिसत नाही. पंप सुरू झाला की आतला माणूस कितीही बोंबलला तरी बाहेर ऐकू येत नाही. आणि फार वेळ तो बोंबलतही नाही. बोंबलायला हवा लागते.

म्हणून तिथं एक रीत आहे. आत जाणाऱ्यानं डाव्या पायातला बूट काढायचा आणि दाराच्या चाकाला अडकवायचा. चाकावर बूट असला की दाराला हात लावायचा नाही. धोक्याची पाटी कुणी वाचत नाही आणि इशाऱ्याच्या दिव्याचा बल्ब उडतो. पण एकाच पायात बूट घालून कुणी घरी जात नाही.

बर्फ खरवडणाऱ्याला सगळे गोगलगाय म्हणतात. वाकून वाकून पाठ तशी झालीय, चालही तशीच. पंपाशेजारी जन्म गेल्यामुळे कानही अर्धेच. मावशी एकटी त्यांना मामा म्हणते.

आणि दार लावायचं काम होतं मावशीचं. अख्ख्या कारखान्यातली सगळ्यात भित्री बाई नेमकी या कामाला कुणी शोधली, देव जाणे. पालीला सगळेच घाबरतात, मावशी कुकरच्या शिट्टीला घाबरते. फोन वाजला की "हॅलो" म्हणत नाही, "कुणाचं काय झालं?" म्हणते. दार लावायच्या आधी टाकीत तोंड घालून, नाकातून, एकेक शब्द ताणत विचारायची, "कोऽण आहे का आऽत? माऽमा, आहात का?" मग लोखंडावर थापा. मग, "मी लावतेय हं दार! लावू ना? लावतेय!"

पॅकिंगच्या टेबलावरून उत्तर यायचं, "लाव गं सूनबाई, सासूबाई हो म्हणाल्या!"

त्या दिवशी हसायला कुणाला वेळ नव्हता. वरच्या चौक्यांचा रस्ता बर्फानं बंद होण्याआधीचा शेवटचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता आणि शेवटची खेप अजून सुकायची होती. त्यातल्याच एका चौकीवर आमचा दादा होता. फोनवर म्हणाला होता, "आई, माल आला की आम्ही राजे. तोपर्यंत मोजून खातोय." देखरेखीवरचे साहेब, ज्यांना सगळे आवरासाहेब म्हणतात, ते टाळ्या वाजवत फिरत होते. "आवरा! आवरा! बर्फ तुमच्यासाठी थांबणार नाही! आवरा!"

मावशीनं चाक पाहिलं. बूट नव्हता. हाका मारून झाल्या, थापा मारून झाल्या. मांडण्या आत गेल्या, दार लागलं, पंप घुमायला लागला. आणि ती वळली तर ट्रेच्या गाड्याखाली एक बूट, तळवा वर करून पडलेला. डावा.

"मामा कुठायत?" मावशीनं विचारलं.

तिनं टेबलांवरून नजर फिरवली.

"अहो, मामांना कुणी पाहिलं का?"

"असेल कुठंतरी," आवरासाहेब म्हणाले. "चहाला गेला असेल."

"एका पायात बूट घालून?"

यावर पॅकिंगच्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. पंप तेवढा घुमत होता. चाकावरून बूट निसटला असेल, मांडण्या ढकलताना गाड्याच्या धक्क्यानं पडला असेल, आणि अर्ध्या कानांच्या माणसाला मावशीच्या हाका ऐकूच आल्या नसतील. हे सगळं मोठ्यानं कुणी बोललं नाही. दाराशेजारच्या हवेच्या दाबाच्या काट्याकडे सगळे बघत होते. काटा खाली चालला होता.

"बाई, खेप बिघडेल," आवरासाहेब हळू आवाजात म्हणाले. "ट्रक जाईल. वरची पोरं..."

मावशी सांगते, तेव्हा तिला दोघं जण दिसले. एक जण नळ्यांच्या मागे, तोंड उघडं, आवाज नाही. दुसरा डोंगरावर, रिकामी पुडी उलटी करून झटकणारा. दुसऱ्याचा चेहरा आमच्या दादाचा होता.

तिनं लाल बटण दाबलं.

आत हवा शिरताना टाकी अशी किंचाळली की एका बाईनं कानांवर हात घेऊन खाली बसकण मारली. पण बटण दाबलं म्हणून दार उघडत नाही. काटा पुन्हा वर यावा लागतो. तोवर मावशी दोन्ही तळव्यांनी दार बडवत होती. तोंडातून आवाज येत होता, शब्द नव्हते. बोबडी वळणं हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं, बायका म्हणाल्या, आम्ही पाहिलं.

दार उघडलं. मांडण्या भराभर बाहेर ओढल्या. आत काळोख.

"मामा?"



"नाहीये कुणी," आवरासाहेब म्हणाले. "चला, आवरा..."

"नळ्यांच्या मागचं दिसत नाही," मावशी म्हणाली आणि कुणी अडवायच्या आत बॅटरी घेऊन रांगत शिरली. लिफ्टमध्ये एकटी न जाणारी बाई. टोकाशी पोचली, नळ्यांच्या मागं हात घातला आणि बॅटरी हातातून निसटली. विझली.

आणि कुणीतरी तिचं मनगट धरलं.

तिनं हात ओढला. सुटेना. पुन्हा ओढला. पकड बर्फासारखी गार, आणि घट्ट.

"सापडले," ती आतून म्हणाली. इतक्या हळू की बाहेर एकमेकींकडे बघून खात्री करावी लागली. "मामा सापडले. त्यांनी मला धरलंय. सोडत नाहीयेत."

बाहेरच्यांची पाचावर धारण बसली. एकीनं रडायला सुरुवात केली. आवरासाहेबांनी टोपी काढली आणि तिचं काय करायचं ते न कळून पुन्हा घातली. "बाई, बाहेर या. बाहेर या हो." पण मावशीचे पाय गेले होते. दार उघडं आहे हे तिला दिसत होतं, त्या गोल उजेडात माणसं दिसत होती. तरी तिला एकच वाटत होतं, आता कुणीतरी म्हणणार, लावतेय हं दार. तेही तिच्याच आवाजात.

तेवढ्यात सगळ्यांच्या पाठीमागून कुणीतरी विचारलं, "काय झालं? कोण अडकलंय?"

मागे गोगलगाय उभे.

जी किंकाळी उठली ती म्हणे फाटकापर्यंत गेली. त्यांच्या पायांत रखवालदाराच्या चपला होत्या. बुटाचा तळ सुटला होता, तो चिकटवून, वाळायला म्हणून गाड्याखाली उलटा ठेवला होता, आणि स्वतः मागच्या अंगणात फावड्याला धार लावत बसले होते. टाकीची किंचाळी त्यांना ऐकू आली नव्हती. एवढे सगळे पळताना दिसले म्हणून आले.

पुढचं त्यांनी एकट्यानं केलं. रांगत आत गेले, त्यांच्या त्या चालीनं, आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. ती आणखी किंचाळली. साहजिक आहे. तिच्या हिशोबानं मामा समोर होते.

"पोरी, ही नळी आहे," गोगलगाय म्हणाले. "तुझी बाही चिकटलीय बर्फाला. मी इकडंय. हे बघ. नाक बघ माझं."

तिनं अंधारात त्यांचं नाक चाचपलं, कान चाचपले. मग म्हणाली, "मामा, तुमचा बूट," आणि मग रडली. त्यांनी बाही ओढून सोडवली. अर्धी नळीवरच राहिली.

या सगळ्यात मांडण्यांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. उबदार खोलीत उभ्या होत्या त्या. ट्रेमधून पाणी टपकायला लागलं तेव्हा आवरासाहेबांनी पाहिलं. एकदा विरघळलं की पुन्हा गोठवायचं नाही, हा तिथला पक्का नियम. ते "आवरा"सुद्धा म्हणाले नाहीत. ट्रक एका खेपेचा माल न घेताच गेला आणि पाठोपाठ रस्ता बंद झाला.

मावशी सांगायला आमच्याकडे आली तेव्हा आईनं तिला उंबऱ्यावरच थांबवलं.

"सगळ्या जगाची काळजी तुला, एक माझं पोर सोडून!"

"ताई, बूट डावा होता गं."

"आणि आत कोण होतं? बोल ना. कोण होतं आत?"

"कुणी नव्हतं," मावशी म्हणाली.

आईनं दार लावलं.

तो अख्खा हिवाळा दादाचा फोन लागेना. आई फोन उशाशी घेऊन झोपायची आणि जेवताना घास हातात धरून बसायची, जणू तो कुणाला तरी विचारून खायचाय. मी आईला न सांगता मावशीकडे जायचे. तिला दारावरून काढून पॅकिंगला बसवलं होतं; पण दार लावायची वेळ झाली की तिथून उठून टाकीत डोकावून यायचीच. घरी ती एक पुडी दोन वेळा करून खायची. दुसरं काही नाही. दिवसाला एक पुडी.

"हे काय नवीन?"

"बघतेय, पुरतं का."

"मग? पुरतं?"

"नाही," मावशी म्हणाली आणि ग्लासभर पाणी प्यायली.

रस्ता उघडला आणि निरोप आला की दादा सुट्टीवर येतोय. मी पळत मावशीला सांगायला गेले. ती खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली.

"तू येणार नाहीस स्टँडवर," मी म्हटलं. "मी ओळखते तुला. ताप आणशील, कंबर धरशील, काहीतरी करशील. त्याच्यासमोर उभी राहायची तुझी छाती नाही."

"येईन."

"पैज?"

"कसली?"

"तू आलीस तर दादाची ट्रंक मी एकटी वर चढवणार. चारही मजले. नाही आलीस तर..."

"नाही आले तर काय ते मग बघू," मावशी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, जिंकले.

आई घरी स्वयंपाकाला लागली होती, मी एकटीच स्टँडवर गेले. मावशी आधीच उभी होती, खांबाला धरून. बस आली. दादा उतरला. गालांची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले, नाकाची सालं निघालेली. मी धावणार तोच मावशी माझ्याआधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "टाकी मी थांबवली होती. तुमचा माल माझ्यामुळे आला नाही. मला वाटलं आत माणूस आहे. आत कुणी नव्हतं."

दादा तिच्याकडे बघत राहिला. ट्रंक त्याच्या हातातच होती.

"अर्धी पुडी," तो शेवटी म्हणाला. "दिवसाला."

"मी अख्खी खाऊन पाहिली. तीही पुरली नाही."

"एक जण दोरावरच चक्कर येऊन लटकला, मावशी."

"गेला?"

"नाही. ओढला वर."

मावशीनं खांब सोडला होता, आता धरायला काही नव्हतं, म्हणून तिनं त्याचीच बाही धरली. दादानं ती सोडवली नाही. ट्रंक मात्र खाली ठेवली. मी उचलली. आत दगड भरले होते की काय कोण जाणे.

इमारतीच्या जिन्यात ती दोघं पुढे, मी मागे. वरून आवाज येत होते.

"पुन्हा असं झालं तर?" दादा विचारत होता.



"थांबवीन," मावशी म्हणाली.

तो मग म्हणाला, "सावकाश चढ. पाय थरथरतायत तुझे."

चौथ्या मजल्यावर आमचं दार उघडल्याचा आवाज आला.  मी ट्रंक पायरीवर टेकवून कान देऊन ऐकत होते. मग आईची हाक आली, "पानं वाढलीत. दोघंही हातपाय धुऊन या."

दोघं म्हणजे दादा आणि मावशी. मी अजून पहिल्याच मजल्यावर होते.