दहापैकी चार

मास्तरांनी आयुष्यात एकाही मुलाला शिकवलेलं नाही. ते नगरपालिकेच्या विमानतळावर गवत कापतात, धावपट्टीवरची कुत्री हाकलतात आणि उतरलेल्या प्रत्येक विमानाला दहापैकी गुण देतात. खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहितात. स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत. स्टुलावर चढले तरी त्यांना गरगरतं, म्हणून दिवा बदलायचं काम माझ्याकडे. मी तिथला हंगामी कारकून. साहित्याची पदवी तेवढ्या कामाला पुरते.

गुणांची भानगड जुनी आहे. महायुद्धात या माळावर नवख्या वैमानिकांना शिकवत. मास्तरांचे वडील कडेला उभं राहून पोरांच्या उतरण्याला गुण द्यायचे. युद्ध संपलं, पलटण गेली. आता गुण देऊ नका, असं वडिलांना कुणी सांगितलं नाही. ते देत राहिले. त्यांच्यानंतर मास्तर. पिकांवर फवारणी करणारा एक पायलट आहे, त्याला पाच मिळाले की तो दिवसभर कुणाशी बोलत नाही.

मग पत्र आलं. सरकारी तपासनीस पाहणीला येणार. त्यांचा अहवाल गेला की विमानतळ बंद होणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. मास्तरांचं आवारातलं घर जाणार आणि त्यांची बदली पाण्याच्या टाकीवर. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, विचारलं, तिथे हे कुणाला गुण देणार, नळाला?

तपासनीस स्वतःच विमान चालवत आले. विमान तीनदा उसळलं आणि मग थांबलं. पालिकेचे साहेब गुच्छ घेऊन पुढे झाले. मास्तरांनी फळ्यावर चार लिहिले.

साहेब दातांतल्या दातांत म्हणाले, "पुसा ते. आठ करा."

"तीनदा उसळलं, साहेब. आठ कुठून आणू?"

तपासनिसांनी फळा वाचला. मी बुटांकडे बघत राहिलो. आडवा वारा होता, असं ते म्हणाले. मास्तर म्हणाले, वारा सगळ्यांनाच असतो. तपासनीस वळले आणि थेट विमानात जाऊन बसले. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण विमान माळाला एक चक्कर मारून परत उतरलं. पाच. पुन्हा एक चक्कर. पुन्हा पाच. दुपारपर्यंत गुच्छाने मान टाकली. पाहणी अर्धवट राहिली, पुढच्या मंगळवारी येतो, असं सांगून तपासनीस निघून गेले.

ते दोन महिने दर मंगळवारी आले. पाच, सहा, सहा, एकदा तर तीन. त्या दिवशी मी त्यांना पाणी नेऊन दिलं. अहवालाची फाइल त्यांच्या पिशवीतून बाहेरच येईना. तेव्हा साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांची विनवणी उलटी झाली. काहीही करा, पण सहाच्या वर जाऊ नका. मास्तर ऐकून घ्यायचे आणि गवत कापायला जायचे.

नवव्या मंगळवारी विमान असं उतरलं, की चाकं कधी टेकली ते मला कळलंच नाही. धावपट्टीच्या कडेचं कुत्रंसुद्धा उठलं नाही. मास्तर खडू हातात घेऊन थांबले.

"मास्तर, सहा," साहेब कानाशी लागले. "घराचा तरी विचार करा."

काकू दारात होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, आत गेल्या आणि पलंगाखालची ट्रंक ओढली.

मास्तरांनी नऊ लिहिले.

तपासनीस फळ्यापाशी आले. मग त्यांनी फाइल काढली, पेनाचं टोपण उघडलं. साहेब मटकन खुर्चीत बसले.

"एक कुठे गेला?" तपासनिसांनी हळूच विचारलं.

"पांढऱ्या रेघेच्या पुढे टेकलात. चार हात."

"चार?"

"मोजून बघू."

दोघं टेप घेऊन गेले. दुसरं टोक मी धरलं. रेघेपासून टायरच्या काळ्या खुणेपर्यंत साडेचार हात भरलं. तपासनिसांनी दोनदा वाकून पाहिलं. मग पेन खिशात आणि फाइल पिशवीत.

"मंगळवारी येतो," ते म्हणाले.

मी धावत जाऊन काकूंना सगळं सांगितलं. तोवर निम्मी भांडी ट्रंकेत गेली होती. त्यांनी एकेक बाहेर काढायला घेतलं. मास्तर आत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "साडेचार हात होतं, तर नऊ कशाला दिलेत?"