बागेतल्या शेडची वायर

मेट्रनबाई निवृत्त झाल्या तेव्हा अर्ध्या हॉस्पिटलाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि उरलेल्या अर्ध्याने तो घरी जाऊन सोडला. शस्त्रक्रियेच्या खोलीत बाईंनी उभा जन्म काढला होता. एखाद्या सर्जनने बोथट कात्री उचलली, तर बाई ती त्याच्या हातातून काढून घेत आणि सर्जन निमूट घेऊ देई. जंतू आणि मूर्खपणा, दोघांनाही बाईंच्या राज्यात थारा नव्हता.

घरी आल्यावर जंतूंचा प्रश्न नव्हता. मूर्खपणाचा होता, कारण मुलगी आणि जावई त्यांच्याकडेच राहायला आले होते.

जावयाला बाई मनातल्या मनात 'मी-आहे-ना' म्हणत. नळ गळो, कडी अडो, त्याचं उत्तर ठरलेलं, "आई, मी आहे ना." विम्याच्या कचेरीत खुर्ची उबवणारा हा माणूस. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो, हे त्याला दर वेळी नव्याने शोधावं लागे. त्याने हात लावला की थेंबथेंब गळणारा नळ धार धरायचा. पण जावई तो जावई, त्याला बोलायचं नसतं, असं बाईंच्या आईने त्यांना शिकवलं होतं. बाईंनी जन्मात फारसं कुणाचं ऐकलं नाही. ऐकलं ते नेमकं हे.

बागेच्या टोकाला पत्र्याची शेड होती. बाईंनी तिथल्या फुटक्या कुंड्या काढल्या, जळमटं झाडली आणि कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं मशीन आणून बसवलं. हळूहळू शिंपी आले, न्हावी आले, खाटीक आला. गिऱ्हाइकाला आधी बोलणी मिळायची, मग धार. "ही कात्री आहे की चमचा?" असं त्या शिंप्याला विचारायच्या, आणि शिंपी ओशाळून दुसऱ्या दिवशी आणखी दोन कात्र्या घेऊन यायचा.

शेडमध्ये वीज होती ती एका दिव्यापुरती. तिची वायर बुटाच्या नाडीएवढी.

"वायरमनला बोलावते," बाई म्हणाल्या.

"वायरमन कशाला, आई? मी आहे ना."

त्याने स्वयंपाकघरातल्या सॉकेटमधून एक वायर काढली, खिडकीतून बाहेर नेली, कपडे वाळत घालायच्या दोरीला गुंडाळत शेडपर्यंत पोचवली. खिडकी त्या दिवसापासून मिटेना. मशीन सुरू झालं की घरातले दिवे मंद व्हायचे, घराला घेरी आल्यासारखे. वरचेवर फ्यूज उडायचा. मग त्याने फ्यूजपेटीत काहीतरी खुडबुड केली आणि ऐटीत सांगितलं, "आता बघा, कधी जाणार नाही."

खरंच गेला नाही. पण शेडमध्ये जळक्या रबराचा वास येऊ लागला.

"नव्या वायरचा असतो, आई."

"अजून नवीच आहे का ती?" बाईंनी विचारलं, आणि पुढची कात्री मशीनला लावली.

एका दुपारी बाई बागेच्या नळावर कात्र्या धूत होत्या. नुकतंच वाफ्यांना पाणी दिलं होतं, शेडच्या दारापर्यंत ओल गेली होती. मुलगी अनवाणीच शेडमध्ये गेली, आणि तिचा विचित्र, अर्धवट आवाज आला. बाई धावल्या. मुलीचा हात मशीनला चिकटला होता, अंग ताठ झालं होतं. दुसऱ्या कुठल्याही आईने तिला मिठी मारली असती आणि दोघी गेल्या असत्या. बाईंनी कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि कोरड्या लाकडी दांड्याने मुलीच्या मनगटावर सणसणीत ठेवून दिली. हात सुटला. मुलगी पोत्यांवर कोसळली आणि रडू लागली. तिचं रडणं बाईंना इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

मुलीचा तळवा भाजला होता, मनगट सुजलं होतं. मलमपट्टी करून बाईंनी मेन स्विच बंद केला आणि फ्यूजपेटी उघडली. केसाएवढ्या तारेच्या जागी जाड तांब्याची तार पिळून बसवली होती. शेडच्या वायरीचा प्लग पाहिला तर त्याची तिसरी पिन करवतीने कापलेली.

संध्याकाळी जावई आला, तेव्हा दोन्ही वस्तू जेवणाच्या टेबलावर मांडलेल्या होत्या.

"जावईबापू, हे काय आहे?"

"फ्यूज सारखा जायचा ना, म्हणून जरा मजबूत तार..."

"फ्यूज जाण्यासाठीच असतो. तो गेला नाही, म्हणून वायर वितळली आणि मशीनच्या पत्र्यात वीज उतरली. आणि ही पिन?"

"ती भोकात जात नव्हती."

"ती तिसरी पिन असती, तर वीज जमिनीत गेली असती. तुम्ही ती कापलीत, म्हणून तुमच्या बायकोच्या अंगातून गेली."

"आई, पुरे आता," मुलगी म्हणाली.

"पुरे मी पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं."

त्या बोलण्यातला अर्धा तिरस्कार बाईंचा स्वतःवरच होता. एवढ्या चुकीसाठी त्यांनी भल्याभल्या डॉक्टरांना दाराबाहेर काढलं असतं. इथे नात्याची भीड धरून त्या जळका वास घेत बसल्या होत्या.

वायरमन आला तो जिभेला सुट्टी न देणारा. आधीच्या कामाची टिंगल करण्यात त्याने सकाळ घालवली. "काम हाताने करता की तोंडाने?" असं बाईंनी विचारल्यावर कुठे हात चालू लागले. मीटरजवळून वेगळी लाइन, जमिनीखालून पाइपातून जाड केबल, शेडमध्ये स्वतंत्र बोर्ड, बाहेर जमिनीत अर्थिंगचा रॉड, आणि विजेची गळती झाली की क्षणात बंद पडणारा स्विच.

चर खणायला मजूर सांगायचा होता. पण जावई कचेरीतून रजा काढून कुदळ घेऊन उभा राहिला. त्याने खणलेला चर सापासारखा वळत गेला आणि मध्येच पाण्याचा पाइप फुटला. कारंज्याखाली उभ्या जावयाकडे बाई पायरीवरून बघत होत्या. निवृत्तीनंतर एवढं समाधान त्यांना मिळालं नव्हतं. त्याने पाइपाला हात लावला नाही. पाणी बंद केलं, चष्मा पुसला आणि प्लंबरला फोन केला. बाईंना त्याचं नवल वाटलं, पण कौतुक करण्याइतकं नाही.

आता मशीन सुरू झालं की घरातले दिवे मंद होत नाहीत. त्या नव्या स्विचला एक चाचणीचं बटण आहे. महिन्यातून एकदा दाबा, असं वायरमन सांगून गेला. जावई दर रविवारी शेडमध्ये येऊन दाबतो. बाईंच्या हातात अर्धी धार लागलेली सुरी असते आणि शेडमध्ये अंधार होतो.

"चालतंय, आई," तो सांगतो.

"दिसलं," बाई म्हणतात.

तो स्विच वर करून जातो. मुलीचा अंगठा अजून पुरता वळत नाही. जावयाला आठवड्यातून एक बटण नीट दाबता येतं, एवढी सुधारणा बाईंनी मान्य केली आहे. त्यापुढची त्या धरून चालत नाहीत.