इंजिनाला पावडर

मारोतभाऊ गाडीच्या इंजिनाला पावडर लावत. तोंडाला लावायची, वासाची, गोल डब्यातली. नागपुरात सदरमधल्या त्यांच्या गॅरेजात ऑइलच्या वासात हाही वास मिसळलेला असायचा आणि नवं गिऱ्हाईक गोंधळून इकडेतिकडे बघायचं. "हसू नका," ते म्हणायचे. "तेल जिथं टपकते तिथून निघत नाई. कुठून कुठून घरंगळत येते. पावडर लावा, मंग इंजिन सोताच बोट दाखवते."

त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं. "इंजिन खोटं बोलत नाई, मंग मी काहून बोलू?" आणि खरंच बोलत नसत. एका बड्या वकिलाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "गाडी चांगली हाय साहेब, चालवनारा बदला."

आमच्याकडे ती जुनी व्हॅन आली तेव्हा मी कॉलेजात होते. रस्त्यानं देश पालथे घालत आलेलं एक गोरं जोडपं ती नागपुरात विकून विमानानं परत गेलं. आत पलंग, ओटा, छोटा स्टोव्ह, आणि इंजिन मागे, पलंगाखाली. बाबा नुकतेच हेडमास्तरकीतून रिटायर झाले होते. त्यांनी आईला शब्द दिला, "तुला पचमढी दाखवतो." लग्न झाल्यापासून माहेर आणि लग्नकार्यं सोडून आई कुठे गेलीच नव्हती. तिनं त्याच दिवशी चिवडा करायला घेतला.

पहिली फेरी कोराडीच्या देवीला झाली. पलंगावर बसून आलेली आई उतरल्यावर एवढंच म्हणाली, "धुराचा भारी वास येतो हो." पुढच्या फेरीत वास नाहीसा झाला. बाबा खूश! पण आमच्या प्रतापनगरच्या अंगणात तेलाचं थारोळं साचायला लागलं. दोन मिस्त्री झाले, सगळी पॅकिंगं बदलली, थारोळं वाढतच गेलं. बाबांचा आवाज तसाही चार घरं ऐकू जायचा. ते गरजले, "रविवारपर्यंत बंद झालं तर ठीक, नाहीतर हे धूड भंगारात देतो!" आईनं चिवड्याचा डबा फडताळात पार मागे सरकवला. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी मारोतभाऊ आले. इंजिन रॉकेलनं धुतलं, कोरडं केलं आणि नवरीला हळद माखावी तशी पावडर चोपडली. "गुरुजी, तुम्ही सामने बसा. मी म्हनतो तोवर रेस सोडू नका." बाबा पुढे बसले, मागे आम्ही तिघं. बघतो तर पावडर एका जागी नाही, प्रत्येक सांध्यावर ओली! मारोतभाऊ उकिडवे बसून गालातल्या गालात हसले. "एका जागून निघालं असतं तं तो जोड खराब. हे तं सगळीकडून निघून राहिलं. म्हनजे अंदर हवा कोंडली. इंजिनाले श्वास घ्यायची नळी असते, तेच बुजली असन." त्यांनी मागच्या कोपऱ्यात हात घातला आणि एक बोळा उपसून काढला. हिरव्या लुगड्याचा, लाल काठासकट.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. धूर येतो म्हणून तिनंच नळीत चिंधी कोंबली होती, मोरीला बोळा लावावा तशी. बाबांना कळलं असतं तर गल्ली गोळा झाली असती, आणि आईनं त्या गाडीत पुन्हा पाय ठेवला नसता.

मारोतभाऊंनी तिच्याकडे पाहिलं आणि बोळा खिशात घातला. "हवा कोंडली होती गुरुजी!" ते ओरडले. "केली मोकळी!" मग नळीला लांब रबर जोडून धूर गाडीखाली सोडला आणि बाबांना घेऊन चक्कर मारून आले. त्यानंतर अंगणात थेंब पडला नाही.

पचमढीला आईनं दरीच्या काठाशी आपल्या स्टोव्हवर चहा केला. "अगं, माझ्या ओट्यावरून डोंगर दिसतो!" म्हणून मला तीनदा आत बोलावलं. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

पंधरा वर्षांनी मारोतभाऊ गेले. त्यांच्या घरी भेटून आम्ही तिघं परतताना आईला राहवेना. तिनं रस्त्यातच बाबांना सगळं सांगून टाकलं. "एवढा खरं बोलणारा माणूस, पण माझ्यापायी त्याला लपवावं लागलं हो."

बाबा हसायलाच लागले. "लपवलं कुठे? चक्कर मारायला गेलो तेव्हाच त्यानं बोळा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, 'गुरुजी, तुमच्यासंगं खोटं बोलनार नाई. पन बाईले काई म्हनू नका. इंजिनातली हवा मोकळी केली, आता घरातली कोंडू नका.'"

आई भर रस्त्यात थांबली. "आणि तुम्ही पंधरा वर्षं गप्प बसलात? तुम्ही?"

"त्याला शब्द दिला होता ना," बाबा म्हणाले, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.