उस्तादांचा खडखडणारा रिले

नसती उठाठेव करायची खोड माझी जन्माची. त्या खोडीपायी मी माझे उस्ताद गमावले, आणि त्याचा राग अजून माझ्यावरच आहे.

उस्ताद म्हणजे फौजेत मला मोर्स कोड शिकवणारे हवालदार. निवृत्तीनंतर ते आष्ट्याला, मी कडेगावात. दोघांनी हौशी रेडिओचं लायसन काढलं आणि दर रविवारी सकाळी मोर्समध्ये गप्पा सुरू झाल्या. ऊस, सुना, पेन्शन, सगळं डिट-डामध्ये, म्हणजे आखूड आणि लांब सुरांत.

त्यांच्याकडे दोन व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर होता. त्या धुडात अँटेना ऐकण्याकडून पाठवण्याकडे जोडणारा मोठा रिले, म्हणजे आपोआप पडणारा खटका. मोर्सची की दाबली की खट्, सोडली की खट्. इतका सुस्त, की प्रत्येक डिटचं तोंडच खाऊन टाकायचा. मला ते ऐकवत नसे. "उस्ताद, ह्यो बदलतो," म्हणून वर्षभर मागं लागलो. "ऱ्हाऊ दे रं, चाललंय की," एवढंच म्हणायचे. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय.

शेवटी ते एकटेच लेकीकडं खंडाळ्याला गेले, तेव्हा घरी राहिलेल्या काकूंशी गोड बोलून मी ॲम्प्लिफायरचा डबा उघडला. जुना रिले काढून रशियन बनावटीचा छोटा काचेचा रिले बसवला. तो जुळल्याशिवाय सिग्नल सुटू नये, अशी सोयही केली. आता डिट पुरा जायचा, आणि दोन डिटांच्या मधल्या फटीत समोरचाही ऐकू यायचा. आवाज म्हणाल तर शून्य. काय खूश झालो होतो मी!

ते परत आले त्या रविवारी मी आष्ट्याला गेलो. सांगलीकडचे चार हौशी मित्रही मुद्दाम बोलावले. उस्ताद हेडफोन चढवून कीसमोर बसले. सुरुवात केली, थांबले, पुन्हा सुरू केलं. अक्षरं एकमेकांत घुसायला लागली. हवेतलं स्वतःचं नाव, तो कॉलसाइनसुद्धा धड जाईना.

"रिले वाजत न्हाई," ते म्हणाले. "जुना बसीव परत."

एवढी मेहनत करून हे ऐकायचं? माझं डोकंच फिरलं. चौघांदेखत ओरडलो, "आवं, हेडफोनमधी तुमचाच सूर येतोय की! का ऐकूच येत न्हाई तुमास्नी?"

उस्तादांनी स्विच बंद केला. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाठवतानाचा तो बारीक सूर त्यांना केव्हाचाच ऐकू येत नव्हता. आमचं बोलणं आवाज पार वाढवून कसंबसं घ्यायचे, आणि पाठवायचे ते टेबलातून बोटांना लागणाऱ्या खटक्यावर.

पुढचे तीन रविवार आष्ट्याहून काही आलं नाही. मग जुना रिले आणि सोल्डरिंगचं सामान घेऊन गेलो. काकूंनी चहा ठेवला. मी उस्तादांच्या कानाशी तोंड नेलं. "चुकलं माझं. होता तसा करून देतो."

"रिलेचं काय घिऊन बसलाईस," ते म्हणाले. "आता तुला कळलंय. आता तू माझ्यासाठी हळू वाजिवशील, दोनदोनदा वाजिवशील. तसलं मला नगं."

"न्हाई वाजिवणार, शप्पत," मी म्हणालो.

धडधडीत खोटं. इथून पुढं त्यांच्यासाठी हळू वाजवायचं, हे कडेगावातून निघतानाच माझं ठरलं होतं, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यानंतर आष्ट्याहून कधीच काही वाजलं नाही.