उपरण्याखाली घेतलेली मोटार

मोटार विकत घ्यायची माझी ऐपत तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. तरी एकदा मी ती घेतली होती. तीन दिवस ती माझी होती आणि त्या तीन दिवसांत मला याचा पत्ताच नव्हता.

तेव्हा मी पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तर होतो. राज्यं नव्यानं आखायची बोलणी सुरू होती. आमचा मुलूख नागपूरकडे राहणार की भोपाळकडे जाणार, यावर चहाच्या दुकानापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत सगळे भांडत. मीही भांडायचो, कारण माझ्या पगारात दुसरी करमणूक बसत नव्हती. अशात एका रविवारी माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, नागपूरहून आला. तो एका मोटार कंपनीत कारकून होता आणि जेवण झाल्यावर त्यानं मला एक काम सुचवलं.

कंपनीच्या साहेबाला म्हणे संशय होता, की लहान गावातले एजंट धोतरवाल्या गिऱ्हाइकाला पाणीसुद्धा विचारत नाहीत. म्हणून कुणीतरी गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, मोटार पाहायची, भाव विचारायचा, काही न घेता परत यायचं आणि काय घडलं ते एका कागदावर लिहून द्यायचं. एका दुकानाचे पंचवीस रुपये, वर मोटारबसचं भाडं. पंचवीस रुपयांसाठी मला वर्गात पंधरा दिवस घसा फोडावा लागे. खोटं बोलायचे पैसे मिळतात हे मला नवीनच होतं. आमच्याकडे लोक ते फुकट बोलतात. मी लगेच हो म्हणालो. बायकोनं विचारलं, हे काम चांगलं आहे ना? मी म्हणालो, सरकारी इन्स्पेक्टर शाळेत येतो तसंच आहे. ती म्हणाली, तो तरी आधी कळवून येतो.

कागद इंग्रजीत होता आणि त्यावर सतरा प्रश्न होते. दुकान झाडलेलं होतं का, खुर्ची दिली का, इंजिनाचं झाकण उघडून दाखवलं का, भाव स्पष्ट सांगितला का, वगैरे. पहिलं दुकान पांढुर्ण्याचंच होतं आणि तिथं माझा पार फज्जा उडाला. दुकानदाराची दोन्ही मुलं माझ्याकडेच शिकत. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि थोरल्याचं गणित कसं आहे ते विचारलं. धाकट्याच्या अक्षरापर्यंत येता येता तास गेला. शेवटी मी चाचरत मोटारीचा विषय काढला, तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी कागदावर लिहिलं, ‘विक्रेता आनंदी स्वभावाचा आहे.’

दुसरं दुकान सौंसरचं. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा मी जरा तयारीनं जायचं ठरवलं. संत्र्याचा बागाईतदार व्हायचं म्हणून बाबांचं जरीकाठी उपरणं न विचारता खुंटीवरून काढलं आणि खांद्यावर टाकलं. आता त्या उपरण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याखालीच घडलं.

बाबा संत्रा बाजारात दलाल होते. विकणारा एकीकडे, घेणारा दुसरीकडे आणि मधे बाबा. बाजारात भाव तोंडानं बोलायचा नसतो, बाकीचे ऐकतात. मग दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. पटलं नाही तर समोरचा दुसरी बोटं दाबतो. पटलं की अख्खा पंजा दाबतो, आणि पंजा दाबला की सौदा झाला. चिठ्ठी नाही, सही नाही. त्यानंतर माघार घेणाऱ्याच्या हाताला बाजारात पुन्हा कुणी हात लावत नसे. बाबांनी तीस वर्षं या एका गोष्टीवर घर चालवलं. मला मात्र त्यांनी मॅट्रिक करायचं म्हणून बाजारापासून इतकं लांब ठेवलं, की संत्री सोलण्यापलीकडे मला त्यातलं काही कळत नव्हतं. हे जे वर ऐटीत लिहिलं, ते मी नंतर शिकलो. तेव्हा माहीत असतं तर ही गोष्टच झाली नसती.

सौंसरचा दुकानदार अर्धं आयुष्य बैलांचा व्यापार करून मोटारींकडे वळला होता. टिनाच्या शेडमध्ये एकच काळी मोटार उभी होती आणि तो ती बैलासारखीच विकत होता. तिच्याभोवती मला दोन फेऱ्या मारायला लावल्या, टपावर थाप मारून दाखवली, समोरून पाहा, मागून पाहा, म्हणाला. मी तिगावचा, आठशे झाडांचा धनी, असं सांगितलं. त्यानं सहज विचारलं, मृग बहार घेता की आंबिया? मी म्हणालो, दोन्ही. झाडाला एका वर्षी एकच बहार धरतात, पावसाळ्यातला मृग नाहीतर हिवाळ्यातला आंबिया, हे मला कुठून ठाऊक असणार. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, पण गिऱ्हाईक म्हणून सोडून दिलं. मग आमच्याकडे विचारतात तो प्रश्न त्यानं विचारला, कोणाचे तुम्ही?

कागदावर स्पष्ट सूचना होती, खरी ओळख देऊ नये. पण ‘कोणाचे’ म्हटल्यावर आपल्या बापाचं नाव सोडून दुसरं नाव सांगायला जीभ वळावी लागते, माझी वळली नाही. मी बाबांचं नाव सांगून मोकळा झालो. त्यानं चटकन हात जोडले. बाजारात येणंजाणं असल्यानं तो बाबांना चांगला ओळखत होता. तिगावचा बागाईतदार पांढुर्ण्याच्या दलालाचा मुलगा कसा, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग मी भाव विचारला. शेडच्या दाराशी तीन-चार माणसं उभी होती. त्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, माझ्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक ओढून आमच्या हातांवर टाकलं आणि माझी बोटं दाबली. बाबांच्या नावामुळे याला प्रेमाचं भरतं आलं, असं मला वाटलं. मीही सभ्यपणानं त्याचा अख्खा हात दाबला. तो जरा चमकला. त्यानं पुन्हा बोटं दाबली, मी पुन्हा हात दाबला. तिसऱ्यांदाही तेच झालं. मला वाटलं, सौंसरचे लोक फार मायाळू आहेत. मग त्यानं उपरणं बाजूला केलं, जिलबी मागवली आणि बाबांना भेटायला तीन दिवसांनी येतो म्हणाला. परतीच्या बसमध्ये मी कागद भरला. झाडलोट, होय. खुर्ची, होय. इंजिनाचं झाकण, दोनदा. आणि भावाच्या रकान्यात लिहिलं, ‘विक्रेता प्रेमळ आहे, पण भाव सांगत नाही.’ कागद मेहुण्याच्या हाती द्यायचा म्हणून खिशात ठेवला.

तीन दिवसांनी मी वर्गात नद्या शिकवत असताना शिपाई आला आणि म्हणाला, गुरुजी, बाजारात तुमची मोटार आली आहे. वर्ग हसला. मीही हसलो. मग तो म्हणाला, तुमच्या वडिलांनी बोलावलं आहे, तेव्हा माझं हसू जिरलं.

गोटमारीचा, म्हणजे पोळ्यानंतरच्या दगडफेकीच्या जत्रेचा दिवस सोडला तर एवढी गर्दी मी पांढुर्ण्यात पाहिली नव्हती. संत्र्यांच्या ढिगांच्या मधोमध ती काळी मोटार उभी, तिच्या नाकावर झेंडूचा हार. दुकानदार हातात नारळ घेऊन उभा. अख्खा बाजार बाबांचं अभिनंदन करत होता आणि बाबा माझी वाट पाहत होते. मी जवळ गेलो तसं त्यांनी एवढंच विचारलं, “हात देल्ला का तू यायले?”

“देल्ला बाबा, पण मले काय माहीत...”

“पण नसते त्यात,” बाबा म्हणाले.

ते दुकानदाराकडे वळले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, “आठ दिवस द्या मले. सावरगावचा बगीचा काढतो अन् तुमचे पैसे देतो.”

जाम नदीपलीकडे सावरगावला आमची थोडी जमीन होती, शंभरेक झाडांची. घरात तेवढीच एक जमीन. आईनं दागिने मोडून ती जपली होती. बाबांनी ती माझ्या तीन वेळा हात दाबण्यापायी एका वाक्यात विकायला काढली आणि आवाजसुद्धा चढवला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुटायची एकच वाट होती. मी गिऱ्हाईकच नव्हतो, हे सांगायचं. पण म्हणजे दलालाचा मुलगा खोटा हात देऊन आला, हे भर बाजारात सांगायचं. बगीचा गेला असता तर बाबांचा शब्द राहिला असता. बगीचा वाचवला तर शब्द जाणार होता. मला एवढा विचार तेव्हा सुचला नाही. मला फक्त आईचा चेहरा दिसला आणि मी खिशातून कागद काढला.

मी सगळं सांगितलं. कंपनी, मेहुणा, पंचवीस रुपये, तिगावची आठशे झाडं. कुणी हसलं, कुणी हळहळलं. दुकानदार दोन्हीपैकी काहीच करत नव्हता. त्यानं कागदाकडे बोट करून विचारलं, माझ्याबद्दल काय लिहिलं? मी मराठी करून वाचून दाखवलं. झाडलोट आणि खुर्चीपर्यंत तो मान डोलवत होता. भावाचा रकाना आला तेव्हा बाजारात हशा पिकला.

“भाव तं मी तीनदा सांगतला, मास्तर,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकं दुःख होतं की हशा थांबला.

आता सगळं त्याच्या हातात होतं. या घरचा हात खोटा आहे, एवढं तो मोठ्यानं म्हणाला असता तर बाबांची दलाली त्या दुपारीच संपली असती. बाबा पुढे झाले. त्यांनी उपरणं काढलं, दुकानदाराचा हात हातात घेतला आणि वर टाकलं. दोघं उभे राहिले. सौदा व्हायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ. बाबांची मान खाली होती. शेवटी दुकानदारानं हात बाहेर काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सुटला सौदा. माह्या मनात काही नाही.” नारळ त्यानं बाबांच्या हातात दिला, मोटारीचा हार काढला आणि सौंसरला निघून गेला.

बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं झालं तर आईला म्हणत, मोटारवाल्याला जेवायला बोलाव. बाजारात मात्र एकच चर्चा, उपरण्याखाली बाबांनी किती कबूल केले? कुणी शंभर म्हणे, कुणी पाचशे, कुणी म्हणे बगीच्याचं एका वर्षाचं पीक. मी घरातून पैसे बाहेर जातात का यावर नजर ठेवून होतो, संत्र्यांच्या गाड्या मोजत होतो. काहीच गेलं नाही. एकदा धीर करून बाबांना विचारलं, तर म्हणाले, “उपरण्याखालचं उपरण्याखालीच राह्यते.”

मी जुना कागद फाडला आणि नवा भरला. भावाच्या रकान्यात लिहिलं, ‘भाव तीनदा स्पष्ट सांगितला. गिऱ्हाईक अडाणी होतं.’ दोन दुकानांच्या पन्नास रुपयांची वाट पाहत बसलो. तेवढ्यात नवी राज्यं झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कंपनीनं कळवलं, आपला भाग आता आमच्या कचेरीखाली येत नाही, पैशासाठी नव्या कचेरीला लिहावं. नव्या कचेरीनं कळवलं, आपण आमच्या माहितीत नाही. मेहुणा अजून म्हणतो, राज्य पुनर्रचनेत सगळ्यात जास्त नुकसान तुमचंच झालं भाऊजी.

बाबा गेले तेव्हा सौंसरहून तो दुकानदार भेटायला आला. मोटारी त्यानं केव्हाच सोडल्या होत्या, पुन्हा बैलांकडे वळला होता. बैल पाहायला गिऱ्हाईक तरी खरं येतं, म्हणाला. चहा झाल्यावर मी त्याला इतक्या वर्षांचा प्रश्न विचारला. त्या दिवशी बाबांनी किती आकडा दाबला? काही देणं राहिलं असेल तर मी फेडीन.

त्यानं मान हलवली. “आकडा नव्हताच, मास्तर. त्यायनं एकबी बोट दाबलं नाही. नुसता माहा हात धरून उभे राह्यले. हात थरथर कापून राह्यला होता त्यायचा. मंग मीच सोडला.”

बाजारात तीस वर्षं बाबांचा हात कुणी कापताना पाहिला नाही. तो एकदाच कापला, माझ्यामुळे. मी चार पावलांवर उभा होतो, पण वर उपरणं होतं, म्हणून मला दिसलं नाही.